‘मॅच बघितली का?’ : दोन पत्रव्यवहार आणि एक चॅट

उन्हाळ्यात सकाळी सातच्या सुमारास माझ्या फोनवर एक स्क्रीनशॉट येतो. इकडे सिल्लोडला तेव्हा आई अंगणात पाणी मारत असते, जळगावकडे जाणारी एसटी हॉर्न वाजवत निघून गेलेली असते आणि मी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडायच्या बेतात असतो. स्क्रीनशॉटमध्ये आकड्यांचा तक्ता असतो. नऊ खाने, बहुतेकांत शून्य, शेवटी तीन आकडे. त्याखाली कधी ‘जिंकलो’, कधी ‘हरलो’, कधी नुसतंच ‘काय सांगू’. हा बेसबॉलचा स्कोअर. पाठवणारा माझा हॉस्टेलचा रूममेट. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात असतो. तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि सामना नुकताच संपलेला असतो.

बेसबॉल आमच्या भागात माहीत आहे, पण खेळ म्हणून नाही. मराठी पेपरात हा शब्द येतो तो बहुतेक गुन्हेगारीच्या बातमीत: बेसबॉलच्या दांड्याने मारहाण. गाडीच्या डिक्कीत दांडा असतो, चेंडू मात्र कुणाकडेच नसतो. आम्ही दोघं क्रिकेटवाले. २०११ च्या वर्ल्ड कपला दोघंही शाळेत होतो, वेगवेगळ्या गावांत, एकमेकांना ओळखतही नव्हतो. पण छत्रपती संभाजीनगरच्या हॉस्टेलमधल्या पहिल्या रात्री, तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, धोनीचा तो शेवटचा षटकार कोण कुठे बसून बघत होता यावर आमची ओळख झाली. त्याच्या गावात ऐन वेळी लाइट गेली होती आणि त्याने तो षटकार रेडिओवर ऐकला होता. ‘मी तो बघितलेलाच नाही बे,’ असं तो म्हणाला, तेव्हाच मला तो आवडला.

आता जे सांगतो, त्याशिवाय पुढची समीक्षा कळणार नाही. २०२३ च्या डिसेंबरात त्याचे वडील गेले. गाव सिल्लोडपासून बारा किलोमीटरवर. व्हिसाची कागदपत्रं अडकलेली होती. आला असता तर परत जाता येईल याची खात्री नव्हती, म्हणून तो आला नाही. मी गेलो. स्मशानात व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन मी धरला होता. नेटवर्क तुटायचं, तो दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. अग्नी चुलतभावाने दिला. त्यानंतर आमचं बोलणं तुटलं असं नाही. उलट रोज बोलणं व्हायचं. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘काकू कशा आहेत?’ ‘बऱ्या आहेत.’ अंगठा. असे चार महिने. आणि एप्रिलमध्ये एक दिवस, कसलीही प्रस्तावना न करता, तो पहिला स्क्रीनशॉट आला.

मला राग आला. बाप जाऊन चार महिने झाले, त्याबद्दल एक शब्द नाही, आणि हा मला बेसबॉल पाठवतोय. मी उत्तर दिलं नाही. तो पाठवत राहिला.

त्याच महिन्याच्या शेवटी, ३० एप्रिल २०२४ ला, अमेरिकन कादंबरीकार पॉल ऑस्टर गेला. त्याच्यावरच्या मृत्युलेखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: ऑस्टर आठ वर्षांचा असताना त्याला विली मेज हा मोठा बेसबॉलपटू समोरासमोर भेटला. पोराने सही मागितली, मेज तयारही झाला, पण पेन्सिल कुणाकडेच निघाली नाही. त्या दिवसापासून ऑस्टर खिशात पेन्सिल ठेवायला लागला. आणि खिशात पेन्सिल असली की कधी ना कधी ती वापराविशी वाटतेच, मी असाच लेखक झालो, असं तो सांगायचा. मी ही गोष्ट मित्राला पाठवणार होतो. पाठवली नाही. पण ऑस्टरचं एक पुस्तक मागवलं, कारण त्यात पत्रं होती, मैत्री होती आणि बेसबॉलही होता.

सभ्य माणसांची दोस्ती

‘हिअर अँड नाऊ’ हे पुस्तक २०१३ साली आलं. ऑस्टर आणि जे. एम. कोएट्झी यांनी २००८ ते २०११ या तीन वर्षांत एकमेकांना लिहिलेली ही पत्रं. ऑस्टर न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला, कोएट्झी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला. दोघं अनेक वर्षं एकमेकांची पुस्तकं वाचत होते, पण प्रत्यक्ष भेटले ते २००८ मध्ये. तेव्हा कोएट्झीला नोबेल मिळून पाच वर्षं झाली होती आणि दोघांचीही साठी उलटली होती. भेटीनंतर कोएट्झीने सुचवलं की आपण एकमेकांना पत्रं लिहू. म्हणजे ही चहाच्या टपरीवर झालेली दोस्ती नाही. ही ठरवून केलेली, प्रौढ, सभ्य दोस्ती आहे.

पहिलंच पत्र मैत्रीवर आहे. प्रेमावर जगाने ढीगभर लिहिलं, मग मैत्रीवर एवढं कमी का, हा कोएट्झीचा प्रश्न. ऑस्टरचं उत्तर असं की टिकाऊ मैत्रीच्या मुळाशी एकमेकांबद्दलचा आदर असतो. दुसऱ्याचं काम, त्याचं वागणं आपल्याला मनातून थोर वाटतं, म्हणून आपण टिकतो. हे वाचून मी थोडा वेळ छताकडे बघत बसलो. माझ्या रूममेटबद्दल मला आदर आहे का? हा माणूस चार वर्षं माझा टॉवेल वापरत होता. डेटा स्ट्रक्चरच्या परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या नोट्स घेऊन झोपला होता. आदर नाही. तरीही त्याच्या वडिलांच्या चितेसमोर फोन धरून मीच उभा होतो. ऑस्टरचं उत्तर सुंदर आहे, पण ते दोन यशस्वी लेखकांच्या मैत्रीचं उत्तर आहे. एका खोलीत, एका बादलीवर झालेल्या मैत्रीला ते लागू पडत नाही.

पुस्तक खऱ्या अर्थाने जिवंत होतं ते खेळाबद्दलच्या पत्रांत. कोएट्झी कबूल करतो की टीव्हीवर क्रिकेटचा कसोटी सामना बघण्यात आपला अख्खा दिवस गेला, आणि मग स्वतःलाच विचारतो की हा वेळ वाया गेला की नाही. नोबेल मिळालेला, शब्द मोजून वापरणारा, चेहऱ्यावर हसू न दिसणारा हा लेखक आपल्यासारखाच अपराधी भावनेने रिमोट हातात घेऊन बसलाय, हे वाचताना बरं वाटतं. ऑस्टर त्याला बेसबॉलबद्दल सांगतो. तो न्यूयॉर्क मेट्स या संघाचा चाहता, म्हणजे हरण्याची सवय असलेला माणूस. या पत्रांत दोघांच्याही वाक्यांचा टाय सैल होतो. एकाला दुसऱ्याचा खेळ येत नाही, म्हणून समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगताना माणूस नकळत स्वतःबद्दल सांगून जातो.

बाकीच्या पुस्तकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. २००८ च्या आर्थिक मंदीवर पत्र, भाषेवर पत्र, मोबाइल फोनमुळे कादंबरीत काय बदलेल यावर पत्र. प्रत्येक पत्र नीट बांधलेलं, प्रत्येक मुद्द्याला उत्तर. प्रवास म्हणजे साहित्य महोत्सव आणि विमानतळ. कुणी रुसत नाही, कुणी एखादा प्रश्न टाळत नाही, आणि टाळला तरी समोरचा ‘तू टाळलंस’ असं म्हणत नाही. वाचता वाचता लक्षात येतं की या दोघांच्या मध्ये एक तिसरी खुर्ची मांडलेली आहे आणि तिच्यावर आपण, म्हणजे वाचक, बसलेलो आहोत. दोघंही आपल्याकडे बघून बोलतात. जगजाहीर व्हायचं आहे हे माहीत असलेल्या पत्रात माणूस उघडा पडत नाही, फोटोला उभा राहतो.

फक्त खेळाची पत्रं वेगळी आहेत. तिथे त्या दोघांना आपला विसर पडतो. ते दोघं मिळून तिसरीकडेच कुठेतरी, मैदानाकडे, बघत असतात.

एका बाजूचं चॅट

मराठीत अशा दोघांचा पत्रव्यवहार म्हटला की पहिलं नाव येतं ते जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचं. जी. ए. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, लोकांत न मिसळणारे, फोटोतसुद्धा काळ्या चष्म्याआड राहणारे. ‘काजळमाया’ला १९७३ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं आणि त्यांनी ते परत केलं. सुनीताबाई पु. लं.च्या घरात, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात गजबजलेल्या घरांपैकी एका घरात. हा माणूस घरातून निघायला नाखूश आणि त्या बाईच्या घरी माणसांचा राबता. दोघांना जोडणारी गोष्ट पोस्ट.

ही पत्रं ज्या पद्धतीने छापली गेली, ती मला आजच्या माणसाच्या नजरेने फार विचित्र वाटते. जी. एं.च्या पत्रांचा सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा खंड आधी आला, १९८७ मध्ये जी. ए. गेल्यानंतर. सुनीताबाईंची बाजू, ‘प्रिय जी. ए.’, २००३ मध्ये आली. मधली काही वर्षं मराठी वाचक एका बाजूचं चॅट वाचत होता. समोरच्याचे सगळे मेसेज डिलीट झालेल्या स्क्रीनवर फक्त उत्तरं शिल्लक आहेत, असा तो प्रकार. त्यामुळे जी. एं.चं पत्र म्हणजे एका एकाकी, विद्वान माणसाचं स्वगत, असं वाचायची आपल्याला सवय लागली. सुनीताबाईंचं पुस्तक हातात आल्यावर कळतं की ते स्वगत नव्हतं. समोर एक हुशार, हट्टी, प्रेमळ बाई बसली होती आणि ती प्रश्न विचारत होती.

मी दोन्ही पुस्तकं एकदम वाचली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून. आपल्याकडे या पत्रांबद्दल बोलताना सहसा मोठ्या गोष्टींबद्दल बोललं जातं: नियती, एकटेपण, कलावंताचं सत्य. ते सगळं आहेच. पण मला धरून ठेवलं ते लहानसहान गोष्टींनी. कुठे जाऊन आलो, कोण येऊन गेलं, काय वाचलं, काय आवडलं नाही, तब्येत कशी आहे. सुनीताबाई घरातून, प्रवासातून, कार्यक्रमांच्या धबडग्यातून लिहितात. जी. ए. पुस्तकांतून आणि आठवणींतून लिहितात. ती बाई रोजचं जगणं पाठवते, तो माणूस वाचलेलं परत पाठवतो. दोघांनाही ठाऊक आहे की ही देवाणघेवाण असमान आहे, तरीही ती चालू राहते. इथे रुसवा आहे, उशीर आहे, संकोच आहे, जवळ यायची ओढ आहे आणि अंतर राखायची धडपडही आहे. ऑस्टर-कोएट्झीच्या पुस्तकात मला जे सापडलं नाही ते हेच: धोका. यातलं कुठलंही पत्र शेवटचं ठरू शकलं असतं.

त्यांचं मैदान म्हणजे पुस्तकं. एखाद्या लेखकावर दोन पानं लिहिताना जी. ए. स्वतःबद्दल जे सांगून जातात, ते त्यांना सरळ विचारून कधीच मिळालं नसतं. इथे मला एक गंमत सापडली. जी. एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांचा मराठी अनुवाद केला: ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. त्या कादंबऱ्या घडतात ओहायोत. जंगल तोडून तिथे पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या माणसांच्या त्या गोष्टी. म्हणजे माझ्या मित्राच्या ओहायोबद्दल मराठीत सगळ्यात आधी कुणी मनापासून लिहिलं असेल, तर ते धारवाडला बसलेल्या या माणसाने.

या पुस्तकांबद्दलचं माझं भांडण एका शब्दाशी आहे: ‘निवडक’. जी. एं.च्या पत्रांच्या खंडांच्या नावातच तो शब्द आहे. पत्रं निवडताना संपादक साहजिकच विचार ठेवतो, कलेबद्दलचं वाक्य ठेवतो. अशा निवडीत ‘काल पाऊस झाला, आज जरा उघडीप आहे’ या वाक्याला कोण जागा देणार? साहित्याच्या दृष्टीने ते फुकट वाक्य आहे. पण मैत्रीच्या दृष्टीने बघाल तर तेच वाक्य म्हणजे पत्र आहे, विचार नंतर. ज्याला आपण कालच्या पावसाबद्दल सांगू शकतो, तोच आपला माणूस. विचार काय, कुणालाही सांगता येतात. मी हे तुम्हालाच सांगतोय की.

नऊ खाने, बरीच शून्यं

मी जे काम करतो त्यात अनेक सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. ते ठरावीक वेळाने एकमेकांना अगदी छोटा संदेश पाठवतात. त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. त्यात माहिती काहीच नसते. ‘मी चालू आहे’ एवढंच. ठरलेल्या वेळेत हार्टबीट आला नाही, की बाकीचे सर्व्हर समजतात हा गेला, आणि त्याच्या वाट्याचं काम दुसरीकडे वळवतात.

आमचं ‘जेवलास का’ हे हार्टबीट होतं. ते मी कमी लेखत नाही; चार महिने त्याच्यावरच निघाले. पण हार्टबीटवर सर्व्हर चालू आहे एवढंच कळतं, आत काय चाललंय ते कळत नाही. ऑस्टर-कोएट्झी यांच्याकडे उलटी गत आहे. तिथे माहितीच माहिती आहे आणि हार्टबीट ऐकू येत नाही. जी. ए. आणि सुनीताबाई यांच्याकडे दोन्ही आहे, म्हणून तो पत्रव्यवहार मला या दोघांत मोठा वाटतो.

मग तो नऊ खान्यांचा तक्ता काय होता? ते समजायला मला आधी तो तक्ता वाचायला शिकावं लागलं.

बेसबॉल समजून घ्यायचा तर क्रिकेट बाजूला ठेवून विटी-दांडू आठवावा, म्हणजे बरं पडतं. फेकणारा चेंडू फेकतो, मारणारा बहुतेक वेळा हुकतो किंवा चेंडू भलतीकडे जातो. तीनदा हुकला की बाद. तीन बाद झाले की डाव दुसऱ्याकडे. असे नऊ डाव. क्रिकेटच्या सवयीने बघाल तर काहीच घडत नाही असं वाटतं. दहापैकी तीन वेळा नीट मारू शकणारा माणूस इथे उत्तम फलंदाज समजला जातो. म्हणजे सात वेळा तोंड पाडून परत येणं हा नियम आहे. आणि हे रोज. एका संघाचे एका हंगामात १६२ सामने असतात, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. आयपीएल सण आहे, वर्ल्ड कप लग्न आहे, पण बेसबॉल म्हणजे रोजची भाकरी. आज हरलं तर शोक करायला वेळच नाही, उद्या पुन्हा सामना आहे.

हा तक्ता ज्याने रुजवला त्याची गोष्टही मजेशीर आहे. हेन्री चॅडविक नावाचा पत्रकार इंग्लंडमध्ये जन्मला आणि अमेरिकेत वाढला. तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेसबॉल बघितल्यावर क्रिकेटच्या स्कोअरकार्डाच्या धर्तीवर त्याने या खेळासाठी तक्ता बनवला. त्याचा हेतू साधा होता: जो मैदानावर नव्हता, त्यालाही सामना काय झाला ते कळावं. थोडक्यात, तो तक्ता म्हणजे दूर असलेल्या माणसाला लिहिलेलं पत्रच. आणि ते पत्र लिहायची रीत क्रिकेटमधून आलेली.

हे वाचल्यावर मी एप्रिल-मेमधले सगळे स्क्रीनशॉट उघडून पुन्हा बघितले. पंचवीसेक असतील. एकालाही माझं उत्तर नव्हतं. एकाखाली त्याने लिहिलं होतं, ‘आज पाऊस आला, दोन तास थांबलो, मग झाली मॅच.’ एकाखाली पुतळ्यांचा फोटो होता: मैदानाजवळच्या पुलावर मोठे दगडी रखवालदार उभे आहेत, हातात एकेक गाडी घेतलेले, त्यांच्यावरूनच संघाचं नाव ‘गार्डियन्स’ ठेवलंय. आणि एकाखाली होतं: ‘हे लोक १९४८ नंतर एकदाही जिंकले नाहीत. आपला मराठवाडा मोकळा झाला ते साल बघ.’ मी शोधलं. खरंच होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला आणि पुढच्याच महिन्यात क्लीव्हलँडने त्यांची शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१६ मध्ये ते अगदी दाराशी जाऊन शेवटच्या सामन्यात हरले.

हा माणूस मला दोन महिने पत्रं लिहीत होता. मी ती बातम्या समजून बाजूला टाकत होतो. मला हवं होतं ते एक वाक्य, ‘बापाची आठवण येते’. ते मिळालं नाही म्हणून बाकी सगळं मी फुकट ठरवलं. मी ‘निवडक’ संपादकासारखा वागलो.

दीड वाजता फोन

त्या वर्षी जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचे काही सामने अमेरिकेत होते. ६ जूनला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीला अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. दोघांचेही १५९, सुपर ओव्हर. अमेरिकेने १८ केल्या, आणि त्या वाचवायला चेंडू दिला सौरभ नेत्रावळकरकडे. मुंबईचा पोरगा, २०१० चा अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप खेळलेला, मुंबईकडून रणजीचा एक सामना खेळून पुढे संधी न दिसल्याने शिकायला अमेरिकेत गेलेला, तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअर झालेला. पाकिस्तान १३ वर थांबलं.

आपल्याकडे रात्रीचा दीड वाजत आला होता. फोन वाजला. मेसेज नाही, फोन. ‘मॅच बघितली का?’ सहा महिन्यांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकत होतो. आधी तो नेत्रावळकरवर बोलला, मग मैदानावर. म्हणाला, ‘तुला माहितीये का, ते मैदान आधी बेसबॉलचं होतं. संघ बंद पडला, मग त्याचं क्रिकेटचं केलं.’ मी म्हणालो, मला माहीत नव्हतं, पण चॅडविक कोण ते माहितीये. तो म्हणाला, ‘कोण?’ मी त्याला तक्त्याची गोष्ट सांगितली, ऑस्टरच्या पेन्सिलीची गोष्ट सांगितली. तो हसला. मग विचारलं, ‘म्हणजे तू बघत होतास स्क्रीनशॉट?’ मी खोटं बोललो, हो म्हणालो.

असं आम्ही चाळीस मिनिटं क्रिकेट आणि बेसबॉलवर बोललो. मग मध्येच तो थांबला आणि म्हणाला, ‘पप्पांच्या वेळी तू तासभर फोन वर धरून उभा होतास. हात भरून आला असेल ना?’

मी म्हणालो, ‘नाही रे.’

‘मला सगळं दिसत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘नेट जात होतं. नंतर सांग कधीतरी, काय काय झालं ते.’

मी सांगितलं. सगळं सांगितलं: कोण आलं होतं, लाकडं कुठून आणली, काकू कुठे बसल्या होत्या, पाऊस येईल असं वाटत होतं पण आला नाही. ज्याने तो षटकार रेडिओवर ऐकला होता, त्याला मी त्याच्या वडिलांचे अंत्यसंस्कार फोनवर सांगत होतो.

कोएट्झीचा प्रश्न होता की मैत्रीबद्दल इतकं कमी का लिहिलं जातं. या पुस्तकांतून आणि त्या फोनमधून मला सुचलेलं उत्तर असं आहे की मैत्रीकडे सरळ बघता येत नाही. प्रेमात माणसं एकमेकांकडे बघतात, आणि तसं बघण्याचं वर्णन करता येतं. दोस्त शेजारी बसून तिसरीकडे बघतात: मैदानाकडे, पुस्तकाकडे, रस्त्याकडे. लिहिणारा त्या मैत्रीबद्दल लिहायला जातो तेव्हा त्याच्या हाती ते मैदान लागतं, आणि त्याला वाटतं विषय सुटला. विषय सुटलेला नसतो. तोच विषय असतो. जी. ए. पुस्तकांबद्दल लिहीत होते, कोएट्झी क्रिकेटबद्दल, माझा मित्र शून्यांनी भरलेल्या नऊ खान्यांबद्दल. यातल्या कुणीही ‘मी तुझ्याजवळ आहे’ असं लिहिलं नाही. ज्याच्या हातात पत्र पडलं त्याने ते तसं वाचायचं असतं. मी उशिरा वाचलं.

हल्ली मीही पाठवतो. सिल्लोडच्या मार्केटमध्ये मक्याला आज काय भाव मिळाला, मिरचीवर रोग आला की नाही, रस्त्याचं काम कुठवर आलं, थ्री-फेज लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री. तो दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. मी ब्लू टिक बंद करून टाकल्यात, त्यानेही केल्यात. पत्राला पोचायला वेळ लागायचा, त्यात जी सवलत होती ती आम्ही सेटिंग्जमधून परत मिळवली. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचा संघ वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे न्यूयॉर्कच्या यँकीजकडून हरला. तेव्हा त्याने नुसतं ‘१९४८’ एवढंच लिहिलं. मला सगळं कळलं.

मागच्या महिन्यात त्याच्या गावी गेलो होतो. काकूंना मी त्याने पाठवलेला मैदानाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला. खेळाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, ‘एवढं गवत हिरवं ठेवायला पाणी कुठनं आणत्यात?’

मी तो प्रश्न जसाच्या तसा पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उत्तर आलं, स्क्रीनशॉटच्या आधी: ‘आईला सांग, शेजारीच तळं आहे. ईरी नाव आहे. आपला अख्खा जिल्हा दोनदा बुडेल एवढं मोठं.’

मी काकूंना फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग तिथं पाऊस नाही पडला तरी भागतंय म्हणायचं.’

हेही मी त्याला टाइप करून पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. येईल.